‘विजेता’ पाहिल्यानंतर

भारतीय वायुसेनेची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. म्हणून ८ ऑक्टोबर हा दिवस देशभर वायुसेना दिन म्हणून पाळण्यात येतो. ह्या दिवसाचे निमित्त साधून आपल्या शाळेच्या सभागृहात वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना ‘विजेता’ हा जुना चित्रपट दाखविण्यात आला. खेळ संपल्यावर मंडळी तशीच बसून राहिली आणि तासभर चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी मी दहावीच्या वर्गाला ‘मला काय वाटले’ ह्या विषयावर दहा ओळी लिहून आणावयास सांगितले. ती चर्चा व ते कागद ह्यांवरून माझ्या मनात जे विचार आले, ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

ज्यांनी तो चित्रपट पाहिला नसेल त्यांच्याकरिता दोन शब्द प्रथम सांगितले पाहिजेत. हा चित्रपट १९८२ सालचा. त्याचे निर्माते शशी कपूर व दिग्दर्शक गोविंद निहलानी. पटकथा आपले मराठी कवी दिलीप चित्रे ह्यांची. अंगद नावाचा एक मुलगा आहे. आईवडिलांचे आपसांत पटत नाही, आणि पुढे काय करावे हे मुलाला उमगत नाही. अशा मनःस्थितीत तो वायुसेनेत लढाऊ वैमानिक व्हावयाचे ठरवितो. त्याची तालीम, त्याची भीती, त्याचे कठोर शिक्षक आणि हळूहळू त्याला येणारी समज, हाच कथेचा मुख्य भाग आहे. अंगदाचे काम शशी कपूर ह्यांचे खरेखुरे चिरंजीव कुणाल ह्यांनी केले असून शिक्षकाची भूमिका अमरीश पुरी ह्यांची आहे. मिग-२१ आदी विमानांची आकाशातील चित्रे आज चाळीस वर्षांनंतरही डोळ्यांत भरतात.

आता प्रेक्षकांचे म्हणणे ऐकावे. विमान गर्जना करीत वर चढले की मागच्या बाकांवरून टाळ्या पडत. परंतु कागदांवर निराळेच उमटले. “सिनेमा फार संथ आहे,” असे पुष्कळांनी लिहिले. “लढाई थोडी आणि शिकवणेच जास्त,” असे एकाने स्पष्ट म्हटले. एका मुलीने लिहिले, “ह्यात बायकांना वाट पाहण्यावाचून काम नाही.” एका पालकांनी विचारले, “सर, प्रेमाचा व शांतीचा धडा देणाऱ्या आपल्या शाळेने लष्करी चित्रपट का दाखवावा?” आणि आमच्या वर्गातील एका मुलाची आई सर्व मंडळी निघून गेल्यावर माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, “सर, हा माझा एकुलता एक. आधीच त्याच्या डोक्यात ते वेड आहे. तुम्ही आणखी भरवू नका.”

ह्यांतील एकही प्रतिक्रिया हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मी एकेकीचा विचार करतो.

पहिली तक्रार संथपणाची. माझे मत असे की, जो ह्या चित्रपटाचा दोष म्हणून दाखविला जातो तोच त्याचा गुण आहे. युद्धाचे चित्रपट पुष्कळ आहेत. अमेरिकेत १९२७ साली ‘विंग्ज’ नावाचा वैमानिकांचा मूकपट निघाला, आणि ऑस्करचे उत्कृष्ट चित्रपटाचे पहिलेच पारितोषिक त्याला मिळाले. तेव्हापासून आकाशातील झुंज पाहण्याची प्रेक्षकांना चटक लागली ती आजतागायत सुटलेली नाही. परंतु वैमानिक झुंजीत घडत नाही; तो तालमीत घडतो. बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा, ती उतरल्यास पाच दिवसांची निवड-मुलाखत, त्यानंतर वैद्यकीय तपासणी. मग खडकवासल्याला तीन वर्षे, आणि त्यानंतर हैदराबादजवळच्या डुंडिगल येथील वायुसेना अकादमीत उड्डाणाचे शिक्षण. ह्या इतक्या वर्षांत शत्रू एकदाही समोर येत नाही. समोर येतो तो आपलाच आळस, आपलाच उतावीळपणा आणि आपलीच भीती. अंगदाला जी पहिली लढाई जिंकावी लागते ती स्वतःच्या भीतीशी. ती पाहताना कंटाळा आला असेल, तर विद्यार्थ्यांनो, तुमच्या स्वतःच्या अभ्यासाचाही तुम्हाला त्याच कारणाने कंटाळा येत असला पाहिजे. आपल्याला निकालाचा दिवस आवडतो; पहाटे उठून बीजगणित सोडविण्याचा दिवस आवडत नाही. परंतु निकाल त्या पहाटेच्या पोटीच जन्म घेतो.

त्या मुलीची तक्रार मात्र रास्त आहे, आणि ती मी निमूटपणे मान्य करतो. १९८२ सालच्या त्या जगात स्त्री ही माता किंवा प्रेयसी म्हणूनच येते. पण तो काळ आता राहिलेला नाही. १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कंठ व मोहना सिंग ह्या तिघीजणी वायुसेनेच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून अधिकारपदावर रुजू झाल्या. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे दार मुलींना २०२२ साली उघडले, आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी मुलांच्या बरोबरीने संचलन करीत तेथून बाहेर पडली. तेव्हा त्या मुलीला माझे सांगणे इतकेच की, वाट पाहण्याचे काम आता तिच्या भावाकडेही येऊ शकेल.

शांतीविषयी ज्या पालकांनी विचारले त्यांचा प्रश्न सर्वांत गंभीर. युद्ध हे मनुष्यजातीचे दुःख आहे, त्यात भूषण मानावे असे काही नाही, हे मी वर्गात नेहमी सांगतो व पुढेही सांगेन. परंतु आपल्या घराला कुलूप आहे म्हणून आपण शेजाऱ्याचे वैरी ठरत नाही. जी मुले उद्या ह्या देशाच्या कारभारात मत देणार आहेत, त्यांनी सैनिकाचे जीवन आतून कसे असते हे पाहिले पाहिजे. ज्याला तालमीचे कष्ट व मृत्यूची छाया ठाऊक असते तो युद्धाची भाषा सैलपणे बोलत नाही. घरी बसून गर्जना करतो तो बहुधा टाळ्यांपुरताच प्रेक्षक असतो. म्हणून ज्यात युद्ध थोडे व शिक्षण जास्त असा चित्रपट मी निवडला.

आता ज्या गोष्टीचे मला सर्वांत जास्त वाटले ती सांगतो. आमचे एक पालक विमानांच्या देखभालीच्या खात्यात नोकरीस आहेत. ते चर्चेत बोलले नाहीत. जाताना मात्र ते हसत म्हणाले, “सर, मुलांनी वैमानिकासाठी टाळ्या वाजविल्या. ते विमान उडण्याजोगे आहे असा कागद कोणी सही करून दिला असेल, हे एकानेही विचारले नाही.” हे शब्द ऐकून मला लाज वाटली, कारण तो प्रश्न मलाही सुचला नव्हता. आणि आपण राहतो कोठे? नागपुरात! वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे, म्हणजे विमाने, यंत्रे व शस्त्रे सुस्थितीत राखणाऱ्या साऱ्या विभागाचे मुख्य ठाणे ह्याच शहरात वायुसेनानगरात आहे. महाराष्ट्रातच नाशिकजवळ ओझर येथे लढाऊ विमाने बांधली जातात व तेथेच त्यांची मोठी दुरुस्तीही होते. आपल्या मिहानमध्ये प्रवासी विमानांची देखभाल होते. उडणारा एक असतो. त्याला उडता यावे म्हणून जमिनीवर अनेक हात काळे झालेले असतात.

ह्या संबंधात एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. १९३० साली आगाखानांनी इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांमधील प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लाविले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. ॲस्पी इंजिनियर हा कोवळा तरुण इंग्लंडहून निघाला. वाटेत मिसर देशात अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. ॲस्पी तेथे अडकून पडला होता, कारण त्याच्या इंजिनाचा स्पार्क प्लग निकामी झाला होता. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला देऊन टाकला. बक्षीस ॲस्पीला मिळाले; टाटा थोडक्यात मागे राहिले. पुढे हाच ॲस्पी १९६० साली भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला. एका प्लगाची किंमत ती काय! पण तो नसता तर पंख, धैर्य व तालीम ही सारी वाळवंटाच्या काठी बसून राहिली असती. ह्या गोष्टीत विजेता कोण, हे ज्याने त्याने ठरवावे. मला विचाराल तर मी दोन नावे सांगेन.

आता त्या मातेकडे वळतो. तिला मी त्या रात्री काही उत्तर दिले नाही. कारण भीती ही भ्याडपणाची खूण आहे असे मी मानीत नाही. तिच्या भीतीला आधार आहे. ज्या १९८२ साली हा चित्रपट लोकांपुढे आला, त्याच साली वायुसेनेतील अपघातांचा विचार करण्यासाठी एअर मार्शल ला फाँटेन ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली होती. प्राथमिक विमान आणि वेगवान लढाऊ विमान ह्यांच्यामध्ये शिकाऊ वैमानिकांसाठी एक प्रगत जेट विमान असावे, अशी शिफारस त्या समितीने केली. तिचा आशय कोणाही शिक्षकाला चटकन समजेल. चौथीच्या मुलाला एकदम दहावीचे पुस्तक देऊ नये, मधल्या इयत्ता असाव्यात, एवढाच तो आशय. असे असूनही ‘हॉक’ नावाच्या त्या प्रशिक्षण-विमानांचा करार २००४ साली झाला, आणि ती विमाने बिदरच्या तळावर दाखल होण्यास २००८ साल उजाडले. म्हणजे शिफारस व पायरी ह्यांच्यामध्ये पाव शतकाहून अधिक काळ गेला. त्या काळात कितीतरी तरुण ती मधली पायरी नसतानाच मिग-२१ च्या वेगाला सामोरे गेले.

१७ सप्टेंबर २००१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हा मराठी तरुण राजस्थानातील सुरतगडजवळ मिग-२१ च्या अपघातात मृत्यू पावला. त्या एका अपघाताच्या कारणाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्याची आई कविता गाडगीळ स्वस्थ बसली नाही. ह्या विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न तिने देशापुढे उभा केला. पुढे त्या मातापित्यांनी पुण्यात विमानविद्येचे शिक्षण देणारी संस्था काढली आणि तिला ‘जीत’ हे नाव दिले. ही गोष्ट मी त्या मातेला भिववण्यासाठी सांगत नाही. आईची भीती ही देशाच्या कामाला येऊ शकते, एवढे दाखविण्यासाठी सांगतो. जी आई विचारते, “माझ्या मुलाला कोणते विमान देणार? कोण शिकविणार? मधल्या पायऱ्या आहेत ना?” ती देशप्रेमात कोणाहून उणी नाही. उलट मुलांच्या नुसत्या पराक्रमावर टाळ्या वाजविणारा आणि त्यांच्या साधनांविषयी कधीही न विचारणारा समाज मला कृतघ्न वाटतो. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झाली. त्यांनी देशाची मोठी सेवा केली ह्यात शंका नाही. पण त्यांच्याबरोबर ज्या घरांतील दिवे गेले त्यांची आठवणही त्या समारंभाइतकीच आपली आहे.

शेवटी मला माझी स्वतःची एक चूक सांगावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाला. शाळेला मोठा आनंद झाला. मी सकाळच्या प्रार्थनासभेत त्याला व्यासपीठावर बोलावून सर्वांकडून टाळ्या वाजवून घेतल्या, आणि “हा आपला भावी वैमानिक” असे उद्गार काढले. वैमानिकाची वृत्ती व हस्तकौशल्य पारखणारी जी चाचणी असते ती त्या वेळी आयुष्यात एकदाच देता येत असे. तीत जो अनुत्तीर्ण झाला त्याला वायुसेनेत वैमानिक होण्याची वाट तेव्हा कायमची बंद होत असे. हा मुलगा तीत राहिला. तो परत आला, परंतु शाळेत आला नाही. मीही त्याला बोलाविले नाही. त्याला ओशाळवाणे वाटेल म्हणून बोलावीत नाही, असे मी माझ्या मनाला सांगत राहिलो. खरे म्हणजे माझेच उद्गार खोटे ठरले होते, आणि मला माझाच चेहरा लपवावयाचा होता.

परवाच्या खेळाला तो आपल्या धाकट्या बहिणीचा पालक म्हणून आला होता. आता तो एका कारखान्यात नोकरीस आहे आणि घर चालवितो. चहा घेताना तो म्हणाला, “सर, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजविल्या. मी परत आलो त्या दिवशी एकदा नुसते ‘ये, बस’ म्हटले असते तरी चालले असते.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला अधिक लागले. मी त्याची क्षमा मागितली. त्याने विषय बदलून बहिणीच्या गणिताची चौकशी केली.

ह्यावरून मी जे मत बनविले ते असे आहे. आपण शाळेत व घरी टाळ्या फार लवकर वाजवितो आणि फार लवकर थांबवितो. मुलाने निवडलेल्या मार्गाचा गौरव करणे चांगले. पण त्या मार्गावर शंभर निघाले तर थोडेच पोहोचतात, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. एखाद्याला रंग नीट ओळखता येत नाहीत, एखाद्याच्या पायाची लांबी मापात बसत नाही, एखाद्याचा हात व डोळा हवा तितका जुळत नाही. ह्यांत त्याचा गुन्हा काय? तो परत येईल तेव्हा त्याच्यासाठी दार उघडे व चहा गरम असावा, ही व्यवस्था शाळेने व आईबापांनी आधी करून ठेवावी आणि मगच त्याला स्टेशनवर पोहोचवावयास जावे. ज्या मुलाला हरल्यावर घरी परत येता येते, तोच मुलगा निर्भयपणे जाऊ शकतो.

त्या एकुलत्या एक मुलाच्या आईला मी आता माझे उत्तर देतो. ताई, तुमच्या मुलाच्या मनात मी काही भरविणार नाही, आणि त्याच्या मनात जे आपोआप उगवले आहे ते उपटणारही नाही. त्याला आठवीपासून गणित आवडते, तो वेळ पाळतो आणि खोटे बोलत नाही. हे गुण वैमानिकाला लागतात, तसे ते डॉक्टराला, यंत्रज्ञाला आणि दुकानदारालाही लागतात. अजून त्याला दोन वर्षे अवकाश आहे. तेवढ्या काळात तुम्ही त्याच्याशी भांडू नका. त्याला प्रश्न विचारा, आणि त्याचे प्रश्न ऐका. चित्रपटातील अंगदाचे दुःख हे नव्हते की, त्याच्या आईवडिलांनी त्याला अडविले. घरात कोणी कोणाशी मन मोकळे करून बोलत नव्हते, हे त्याचे दुःख होते. अंतिम निर्णय तुम्हा मायलेकरांचा. तो कोणताही झाला तरी ह्या शाळेचे दार त्याला उघडे राहील, एवढे वचन मी ह्या पानावर लिहून देतो. म्हणजे पूर्वीसारखे मला विसरता येणार नाही.

विद्यार्थिमित्रांनो, पुढील वर्षीच्या ८ ऑक्टोबरला आपण पुन्हा जमू. त्या वेळी एखादा वैमानिक पाहुणा मिळाला तर उत्तमच. परंतु विमानांची देखभाल करणारे आपले पालक व्यासपीठावर प्रथम बसतील, आणि त्यांच्या शेजारी, तो कबूल झाल्यास, आमचा तो जुना विद्यार्थी बसेल. त्या दिवशी टाळ्या कोणासाठी वाजवावयाच्या हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही आधी त्यांचे बोलणे ऐकून घ्या.